थांबलेल्या क्षारांची गर्दी

कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने पाण्याच्या शास्त्रावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या पाण्याच्या जारवाचून आज आपल्या कन्नडमध्ये लग्नकार्य पार पडत नाही, ते पाणी कोणत्या वाटेने गोड झाले हे पाहणे म्हणजे मनुष्याच्या श्रमाचाच इतिहास पाहणे होय.

पाण्याच्या वाटा बांधणे आपल्या मुलखास नवे नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने खडकी शहरासाठी नहर बांधविली. जमिनीखालून पाणी खेळवावे, आणि ठिकठिकाणी उंच बंब उभारून कोंडलेल्या हवेस व दाबास वाट द्यावी, ही तिची युक्ती. पाणी वाहून नेण्याचा प्रश्न त्या कारागिरांनी सोडविला. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र कोणत्याही नहरीने वेगळे होत नाहीत.

त्याची वाट दुसरीकडून निघाली. 1748 मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने मद्यार्काच्या कुपीच्या तोंडाला डुकराचा फुगा बांधला व ती पाण्यात ठेवली. काही तासांनी फुगा वर तटतटून आला. पडद्यातून पाणी आत गेले होते. पुढे 1855 मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञाने विरघळलेला पदार्थ दाटीकडून विरळाकडे कोणत्या प्रमाणात सरकतो, याचा नियम मांडला. आपल्या विषयाचा पाया तो हाच.

नोलेचे पाणी आपोआप आत गेले; उलट जोर लावून खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी बाहेर काढता येईल काय? 1959 मध्ये फ्लोरिडातील रीड आणि ब्रेटन यांनी येईल असे दाखविले. पण त्यांच्या पडद्यातून पाणी अगदी झिरपतच असे. लवकरच कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्याच देशात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी वर अतिपातळ साय व खाली सच्छिद्र आधार असा पडदा सिद्ध केला, आणि पाण्याचा ओघ कितीतरी पटींनी वाढला. 1965 मध्ये कोआलिंगा या गावी त्या पद्धतीचे पाणी लोकांच्या घरी पोहोचले.

येथेच खरी अडचण उभी राहिली. गिरणीची पाळी सुटल्यावर फाटकातून एकेक माणूस तपासून सोडू लागले तर काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांना सोडले ते घरी जातात; ज्यांना अडविले त्यांची फाटकाशी गर्दी होते, आणि मागून रेटा द्यावा तसतसे फाटक अधिकच तुंबते. पडद्याशी क्षारांचे नेमके हेच होते. पाणी पार जाते, क्षार दाराशी साचतात.

1953 मध्ये बर्मन या संशोधकाने सच्छिद्र भिंतींच्या वाटेतून द्रव कसा वाहतो याचे गणित मांडले होते. 1965 मध्ये शेरवुड, ब्रायन इत्यादिकांनी क्षारांच्या गर्दीचा हिशेब केला. तो हिशेब सोपा आहे. पाणी पडद्याकडे ज्या वेगाने जाते आणि क्षार मागे ज्या वेगाने परततात, ते दोन्ही वेग समान असतील, आणि पडदा सर्व क्षार अडवीत असेल, तर पडद्यालगत क्षार मधल्या प्रवाहाच्या सुमारे 2.7 पट होतात. पहिला वेग दुप्पट केला की ते सुमारे 7.4 पट होतात! तेव्हा नुसता रेटा वाढविणे हा उपाय नव्हे. गर्दी आडव्या प्रवाहाने हलती ठेविली पाहिजे. म्हणून गुंडाळलेल्या पडद्यांच्या मध्ये जाळी घालतात. ती वाट जेमतेम एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. जाळीच्या तारांवर आपटून पाणी घुसळते, पण त्यामुळे पंपाचा खर्चही वाढतो. तार किती जाड, कोन किती, याचा मेळ आज संगणकावर घालतात.

आता हे गणित आपल्या दाराशी आणू. चार घागरी पाणी आत घातले व तीन गोड काढल्या, तर सर्व क्षार चौथीत उतरतात. ती चौपट खारी होते. ही घागर आपण कोठे ओततो? मालक पाणी वाचवावे म्हणून सांडपाण्याचा कॉक आवळतो. प्रवाह मंदावतो, पडद्यावर क्षारांचे पुट चढते. दुसरा मालक पडदा वाचवावा म्हणून कॉक मोकळा सोडतो आणि उपसलेले पाणी नाल्यात जाते. दोघांमध्ये न्याय करणारा साक्षीदार म्हणजे हे गणित.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेचे पाणी आगगाडीने लातूरला न्यावे लागले, ते मराठवाडा विसरलेला नाही. अशा मुलखात कॉक कितपत फिरवावा, हे ज्या पोराच्या हाती आहे, त्याला त्यामागचे शास्त्र कोणी शिकविले आहे काय? माझ्या मते शास्त्राचा इतिहास प्रयोगशाळेत संपत नाही. तो त्या पोराच्या हातापर्यंत पोहोचेल तेव्हाच पुरा होईल.