मनगटावरील एका बिंदूची परीक्षा

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडावी आणि भूल उतरताच रुग्णाने मळमळ व वांत्यांनी हैराण व्हावे, हा अनुभव अनेक घरांना ठाऊक आहे. या उपद्रवावर चिनी वैद्यकात मनगटाजवळचा एक बिंदू दाबण्याची वा तेथे सुई टोचण्याची जुनी रीत आहे. बिंदूचे नाव नेइग्वान, म्हणजे आतील द्वार. तळहाताकडील मनगटाच्या घडीवर रुग्णाची स्वतःची तीन बोटे आडवी ठेवली की त्यांच्या वरच्या कडेला, दोन कंडरांच्या मधोमध तो सापडतो.

हा बिंदू आधुनिक रुग्णालयात कसोटीस लावण्याचे मोठे श्रेय बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांचे. चीनच्या भेटीत त्यांनी गर्भवती स्त्रियांना मळमळ टाळण्यासाठी हा बिंदू चोळताना पाहिले. (चीन आणि वैद्यक म्हटले की आमच्या पिढीला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते 1938 साली पाश्चात्त्य शल्यवैद्यक घेऊन तेथे गेले. येथे प्रवास उलट दिशेने झाला.) डंडी हे भुलीच्या औषधांवर अधिकारवाणीने बोलणारे गृहस्थ. त्यांनी ऐकीव गोष्ट म्हणून ती झटकून टाकली नाही, तशी डोळे मिटून स्वीकारलीही नाही. लहान स्त्रीरोग शस्त्रक्रियांपूर्वी अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या रुग्णांच्या या बिंदूवर सुई फिरवून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि 1986 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. वांत्या कमी झाल्या होत्या. कोपराजवळच्या भलत्याच जागी सुई टोचली असता तसा गुण येत नव्हता.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने उपयोग न झाल्याचे कळविले. त्यांनी सुई रुग्ण भुलीखाली असताना टोचली होती. मग 1991 साली डंडींच्या गटाने दाखवून दिले की बिंदूची जागा आधी औषधाने बधिर केल्यास सुईचा परिणाम नाहीसा होतो. आम्हांस हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. ज्या वाहिन्यांची चिनी ग्रंथ चर्चा करतात त्या कोणी पाहिलेल्या नाहीत. मात्र सुईचा निरोप मज्जातंतूंतून जात असावा, असे मानण्यास येथे आधार मिळाला.

खरी अडचण वेगळीच होती. औषधाच्या गोळीशेजारी तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी ठेवता येते. सुई टोचणाऱ्यास मात्र आपण कोठे टोचतो हे ठाऊक असतेच. त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास रुग्णापर्यंत पोहोचत नसेल, याची हमी कोणी द्यावी? शासकीय सेवेत अहवाल तपासताना तो लिहिणाऱ्याचा हेतूही पाहावा लागतो, हे आम्ही पुष्कळदा अनुभवले आहे.

1996 साली एका आढाव्यात 33 चाचण्या तपासल्या गेल्या. भुलीखाली सुई दिलेल्या चारही निष्फळ ठरल्या होत्या. उरलेल्या 29 पैकी 27 अनुकूल होत्या. पुढे 'कॉक्रेन'च्या आढाव्यांत ही संख्या वाढत गेली. 2009 साली 40 चाचण्या, 2015 साली 59 चाचण्या आणि 7667 रुग्ण. बिंदूला चालना दिल्याने मळमळ व वांत्या घटतात, असे 2015 च्या आढाव्यात निघाले. पण खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेचा पुरावा कमी प्रतीचा ठरवला गेला. वांतीरोधक औषधांशी तुलना केली असता फारसा फरक आढळला नाही, आणि तो पुरावा मध्यम प्रतीचा होता. मनगटावर पट्टा बांधून केवळ दाब देणे आणि सुई टोचणे यांतही 2009 च्या आढाव्यात स्पष्ट अंतर दिसले नव्हते.