घोडा होता की नव्हता

31 ऑगस्ट 1743 रोजी साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांनी एक भांडण मिटवलं. एका बाजूला नानासाहेब पेशवे, दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघुजी भोसले, आणि वाद पूर्वेकडच्या चौथाईचा. बंगाल आणि ओडिशा रघुजींच्या वाट्याला आले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात ही तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. नाना एवढंच म्हणायचे, "साताऱ्याहून हुकूम निघाला नि आपण इकडे आलो."

नाना म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या गोष्टीत आमचा मूळपुरुष रघुजींचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांच्या फौजेत घोड्यावर बसून छत्तीसगडात उतरला. आता भास्करपंत रतनपूरवर आले ते 1741 मध्ये, म्हणजे नानांच्या त्या हुकुमाच्या दोन वर्षं आधी. रतनपूरचा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह तेव्हा म्हातारा झालेला, त्याने फारसा प्रतिकार केलाच नाही. हे नानांना कुणी दाखवून दिलं असतं तरी त्यांनी घोडा सोडला नसता. घोड्याचा रंगही ठरलेला होता: अबलख.

आजीचं माहेर साताऱ्याचं. ती पदराआड हसायची आणि नाना अंघोळीला गेले की आम्हाला सांगायची, "कसला घोडा? हे लोक जासूद. पायांनी चालायचे." तिला हे तिच्या आजेसासूने सांगितलं होतं, आणि आजेसासूला खोटं बोलून काय मिळणार होतं?

मराठी दफ्तरं उघडली की आजीचा पक्ष बळकट होतो. पत्रं जायची ती जासुदांच्या जोडीबरोबर. जोडी अशासाठी, की एक वाटेत आडवा पडला तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी. खेपेच्या मजुरीला आजुरा म्हणत. सातारा, पुणे, नागपूर, रतनपूर एवढा पसारा ज्या कागदांवर चालला, ते कागद नद्या ओलांडून, जंगलं तुडवून माणसांच्या पायांवरूनच गेले. पण वंशावळीत पाय लिहायची रीत नाही. तिथे तलवार लागते, घोडा लागतो, निदान पालखी तरी.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं पळणं. मी राहतो नवा रायपूरला, 2018 पासून ज्याच्या नावापुढे अटल नगर लागलं त्या शहरात. इथे पळायला स्वर्ग आहे. सहा-सहा पदरी रस्ते, कडेला झाडं, सकाळी माणसांपेक्षा बगळे जास्त. उणीव एकच, चढ नाही. छत्तीसगडचं मैदान समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, आणि ते तसंच सपाट दूरवर पसरलेलं. आमच्या गटाला चढाचा सराव करायचा तर उड्डाणपूल गाठावा लागतो. पुलाच्या पोटाशी चहा विकणारे एक सियान आहेत. इथे वडीलधाऱ्यांना सियान म्हणतात. शहर वसण्याआधी त्यांच्या वडिलांची इथे भातशेती होती. आम्ही पुलावर पुन्हापुन्हा वर-खाली करतो ते बघून त्यांनी विचारलं, काय चाललंय? साताऱ्याच्या घाटात शर्यत आहे म्हटल्यावर म्हणाले, "पहाड चढे बर अतका दूरिहा जाबे?" पहाड चढायला एवढ्या लांब जाणार? बरं, वर काय ठेवलंय? मी म्हटलं, काही नाही, वळून खाली यायचं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. बहुधा कीव आली असावी.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली. सातारा रनर्स फाउंडेशन ही गावातल्याच मंडळींची संस्था, तीच भरवते. अंतर 21 किलोमीटरच्या थोडं वर. शहरातून सुटायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, कासच्या रस्त्यावर वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेने खाली. 2015 मध्ये 2,618 जणांनी हा डोंगर पळून गिनेस बुकात नोंद केली. ज्या जिल्ह्याने ललिता बाबर दिली, तिथे पळण्याची हौस असणं नवल नाही. माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावची ही मुलगी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेली.

जायला गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस. सकाळी बसलो की नागपूर, वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असं सगळं राज्य खिडकीतून बघत दुसऱ्या सकाळी सातारा. जासुदाच्या जोडीला हेच अंतर किती दिवसांचं पडलं असेल याचा हिशेब मी गाडीत मांडायला घेतला. वर्ध्याला जेवण आलं आणि हिशेब राहिला.

घाटाबद्दल आजीने जे सांगून ठेवलं होतं, ते शर्यतीच्या कुठल्याच नकाशात नाही. तिच्या लहानपणी श्रावणी सोमवारी पेठेतल्या पोरी यवतेश्वराला अनवाणी चढायच्या, आणि देवाच्या नावाखाली सरळसरळ शर्यत लागायची: नंदीला पहिला हात कुणाचा? जिंकणारीला बक्षीस काही नाही. हरणारीने सगळ्यांच्या पिशव्या खाली आणायच्या. उतरताना तेरड्याची फुलं ओच्यात. आणि पहाटे, पोरी निघायच्या वेळेला, समोरून डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया खाली येत असायच्या. डोक्यावर लाकडाची मोळी, वर दह्याचं गाडगं, आणि त्या चालत नसत, लहान लहान पावलं टाकत पळत असत. आजी म्हणायची, ओझं घेऊन उतरताना थांबलं की गुडघा धरतो, म्हणून त्या थांबतच नसत. पोरींनी वाट दिली नाही तर शिव्या. त्या शिव्याही आजीला पाठ होत्या आणि त्या ती आम्हाला नाना घरात असतानाही ऐकवायची.

शर्यतीच्या सकाळी भुरभुर पाऊस होता. शहरभर लोक दारात उभे. कुणी ताटली वाजवतंय, कुठे शाळेची पोरं लेझीम घेऊन, एक आजी फाटकातून नुसता हात बाहेर काढून, येणाऱ्या प्रत्येकाने त्या हाताला हात लावावा म्हणून. समर्थ मंदिर मागे पडलं आणि रस्ता उभा झाला. पहिल्या वळणापर्यंत उड्डाणपुलाची पुण्याई पुरली. दुसऱ्या वळणावर संपली. श्वास नाकातून तोंडात, तोंडातून कानात आल्यासारखा. डावीकडे कातळाला बिलगून झऱ्याची पन्हळ वाहत होती, रस्ता ओला, त्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा. बुटाचा पुढचा भाग त्यावर सरकला की सगळं लक्ष एका अंगठ्यात. लोक पळणं सोडून चालायला लागले. मीही लागलो, कमरेवर हात ठेवून.

चालायला लागल्यावर दिसायला लागलं. चढताना अजिंक्यतारा हळूहळू डोळ्यांच्या पातळीला येतो. गावातून मान वर करून बघायचा किल्ला समोरासमोर उभा राहतो. 1699 च्या शेवटी औरंगजेबाने याला वेढा घातला. प्रयागजी प्रभू आत किल्लेदार. मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग लावले, एक असा उडाला की बुरूज त्यांच्याच माणसांवर कोसळला. 1700 च्या एप्रिलमध्ये किल्ला गेला, आझमतारा झाला. आजीच्या गोष्टीत सुरुंग वगैरे नव्हता. मंगळाई देवीने कूस बदलली, बस्स. 1708 मध्ये शाहूंनी इथेच राज्याभिषेक करवून घेतला, आणि शिकारीतली हुशारी बघून (हे नानांचं, पण नोंदीही तेच सांगतात) रघुजींवर मर्जी केली, शिर्क्यांच्या घरातली आपल्या राणीची बहीण देऊन त्यांना साडू केलं. आमचं रायपूर या साडूपणाच्या टोकाला लोंबकळत आलं म्हणायचं.

रघुजींचे पुत्र बिंबाजी 1758 पासून रतनपुरात राहून कारभार बघू लागले, ते 1787 मध्ये मरेपर्यंत. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं. त्या टेकडीलाही चढ आहे, आणि रायपूरची मराठी मंडळी तिथे गेली की नागपूरजवळच्या रामटेकची आठवण काढतात. मग 1818 नंतर इंग्रज अधीक्षक आला आणि कारभार रतनपूरहून रायपूरला हलला. 1848 मध्ये डलहौसीने वारस नाही म्हणून सातारा खालसा केलं. 1854 मध्ये त्याच कारणाने नागपूर, आणि नागपूरबरोबर छत्तीसगड. नागपूरकरांच्या दत्तक वारसाला पुढे किताब मिळाला तो देऊरचा, 'राजाबहादूर ऑफ देऊर'. देऊर सातारा जिल्ह्यात. एवढी मोठी रपेट करून घराणं कागदोपत्री निघालं तिथेच येऊन टेकलं.

वळसा घेतला तेव्हा धुकं होतं. कुणीतरी मीठ लावलेलं संत्रं हातात दिलं. उतरणं सोपं म्हणतात, ते ज्यांनी उतरून पाहिलेलं नाही ते. मांड्या थरथरत होत्या, वेग आवरायला जावं तर गुडघ्यात कळ. शेजारून एक पन्नाशीच्या बाई गेल्या, साधे कॅनव्हासचे बूट, पावलं अगदी लहान, एकामागून एक टाकत. कुठल्या म्हणून विचारलं. वरच्या वाडीचं नाव सांगितलं आणि न वळता म्हणाल्या, "दादा, थांबू नका, थांबलं की धरतं."

मीही लहान पावलं टाकली. जमलं.

संध्याकाळी पदकाचा फोटो आणि कंदी पेढ्यांचा खोका कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपला मूळपुरुष जासूद होता हे आता पायांना पटलं. चुलतबहिणींनी अंगठे पाठवले. तात्यापाऱ्यात राहणाऱ्या काकांचं उत्तर रात्री उशिरा आलं. अभिनंदन, प्रकृती सांभाळ, आणि जासूद असेल, पण घोडा होता. तू साताऱ्याला गेलास म्हणून तो नाहीसा होत नाही.