‘निर्वाण’विधी आणि कायदा

हिजडा समाजातील लिंगच्छेदाच्या विधीस ‘निर्वाण’ अशी संज्ञा आहे. बहुचरा मातेचे स्मरण करून हा विधी करणारीस ‘दाईमा’ म्हणतात. त्यानंतरचे चाळीस दिवस बाळंतिणीप्रमाणे पाळले जातात. ही सारी परिभाषा जन्माची आहे. तथापि वैद्यकीय शिक्षण व भूल यांवाचून केलेल्या छेदामुळे अतिरक्तस्राव, जंतुदोष आणि मूत्रमार्गाचा संकोच ही संकटे ओढवतात. एकांतात स्वतःवरच शस्त्र चालविणाऱ्यास तर रक्त थांबविणारा दुसरा हातही लाभत नाही.

१८६० च्या दंडसंहितेने पुरुषत्वहरणाची गणना जबर दुखापतींत केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयित हिजड्यांच्या नोंदवह्या सुरू केल्या. विधी थांबला नाही. तो गुप्तपणे चालू राहिला, आणि शल्यवैद्य मात्र दुरावला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने लिंगबदल शस्त्रक्रियेची सोय करण्याची जबाबदारी शासनावर सोपविली. ही सोय जेथे प्रत्यक्ष हाताशी येईल, तेथेच दाईमाच्या सुरीतील प्राणसंकट टळेल.