बॅगपाइप : चँटरची पत्ती आणि स्वरमेळ

स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशातील मोठ्या बॅगपाइपमध्ये ज्या नळीच्या छिद्रांवर बोटे ठेवून धून वाजवितात, तिला चँटर असे म्हणतात. चँटरच्या माथ्याशी बसविलेली द्विदल पत्ती हा या सुषिर वाद्याचा मुख्य ध्वनिजनक भाग होय. ती घडविण्याची व जुळविण्याची कला ग्रंथांपेक्षा गुरूच्या हाताकडे पाहूनच पुढे चालत आली. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वाद्याच्या पट्टीत व स्वरसप्तकात जे मोठे बदल झाले, त्यांचा मागोवा घेताना या लहानशा पत्तीचाच विचार प्रथम करावा लागतो.

रचना : भूमध्य सागरी प्रदेशात वाढणाऱ्या अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवताच्या काडीपासून पत्ती तयार करतात. काडीची दोन पाती तासून ती एका आखूड धातूच्या नळीवर समोरासमोर ठेवतात आणि मेणविलेल्या दोऱ्याने घट्ट बांधतात. पात्यांच्या टोकांमधील फटीतून हवा गेली की ती कंप पावतात व चँटरच्या शंक्वाकार पोकळीतील हवेचा स्तंभ निनादू लागतो. सनईचीही पत्ती द्विदलच असते; परंतु सनईवादक ती ओठांत धरतो आणि ओठांच्या दाबाने सूर हवा तसा चढवितो वा उतरवितो. बॅगपाइपची पत्ती पिशवीच्या तोंडाशी लाकडी खोबणीत बंदिस्त असते व तिला वादकाचा ओठ लागत नाही. वाजवीत असताना सूर सावरण्याची सोय नसल्यामुळे सारी जुळवाजुळव आधीच करून ठेवावी लागते. सनईवादक जे ओठांनी साधतो, ते येथे चाकू, दोरा व कान यांनी साधावे लागते.

जुळवणी : नवी पत्ती प्रथम तोंडात धरून फुंकून पाहतात. तिच्यातून येणाऱ्या कर्कश, आरवण्यासारख्या आवाजावरून जाणकारास तिची योग्यता कळते. पत्ती फार कडक असल्यास पाती अंगठा व बोट यांमध्ये हलकेच दाबतात किंवा बारीक काचकागदाने किंचित घासतात. मात्र अधिक घासलेली पत्ती पूर्ववत करता येत नाही. टोके अल्पशी छाटल्यास सूर चढतो. पत्ती खोबणीत अधिक खोल बसविली असता सर्व स्वर चढतात, वर उचलली असता उतरतात. वरच्या स्वरांसाठी निनादणारा हवेचा स्तंभ आखूड असल्याने हा फरक त्यांच्यावर अधिक होतो. म्हणून खालचा ए व वरचा ए यांचे अष्टक अचूक जमेपर्यंत पत्तीची खोली बदलतात व नळीभोवतीचा दोरा कमीजास्त करून ती पक्की करतात. उरलेला बेसूरपणा छिद्रांवर दूर केला जातो. छिद्राची वरची कड पूर्वी मेणाने व आता चिकटपट्टीने थोडी झाकल्यास तो स्वर उतरतो. श्वासातील ओलाव्याने पत्ती बदलत असल्यामुळे काही मिनिटे वादन करून मगच अंतिम स्वरमेळ साधतात.

हा स्वरमेळ ड्रोन या सतत एकच आधारस्वर देणाऱ्या नळ्यांशी लावला जातो. दोन टेनर ड्रोन खालच्या ए स्वराच्या एक अष्टक खाली व बास ड्रोन दोन अष्टके खाली असतो. तंबोऱ्याशी गळा मिळविणाऱ्या गायकास ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

इतिहास : या वाद्याविषयीच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक जोसेफ मॅक्डोनल्ड याने १७६० च्या सुमारास लिहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत तो हिंदुस्थानात आला व काही वर्षांतच येथे मृत्यू पावला. त्याचे हस्तलिखित बंगालमध्ये सापडले व १८०३ मध्ये प्रसिद्ध झाले. १७८१ मध्ये फॉलकर्क येथे वादनस्पर्धा सुरू झाल्या आणि १८५४ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या हायलँड पलटणींतील पाइपवादकांना अधिकृत मान्यता मिळाली. एकट्या वादकास आपली पत्ती आपल्या ड्रोनशी जुळली म्हणजे पुरे असे. पथकात मात्र अनेक चँटर एकसूर असणे अपरिहार्य ठरले व जुळवणीस नवी शिस्त आली. स्कॉटिश पाइप बँड असोसिएशनची स्थापना १९३० मध्ये झाली. १९४७ पासून जागतिक स्पर्धा भरू लागल्या.

पट्टीतील बदल : अलेक्झांडर जे. एलिस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत चार्ल्स कीन या चित्रकाराने वाजविलेल्या चँटरचा खालचा ए स्वर ४४१ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांचा) आढळला. शेमस मॅक्नील व जे. एम. ए. लेनिहान यांनी १९५४ मध्ये दिलेली सरासरी सुमारे ४५९ होती. आज पथकांतून तो ४८० च्या आसपास असतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगावयाचे तर हा स्वर पांढरी सहावरून निघून काळी पाच ओलांडून गेला आहे. हा बदल कोणत्याही संस्थेच्या आदेशाने झाला नाही. उजळ व तेजस्वी नादाची आवड, स्पर्धांतील चुरस आणि त्यांना अनुसरून चँटर व पत्ती बनविणाऱ्यांनी केलेले फेरफार यांतून तो हळूहळू झाला.

पट्टीपेक्षाही स्वरांतरांतील बदल अधिक लक्षणीय आहे. एलिसच्या मोजणीत सी स्वर ५३७ कंप्रतेचा, म्हणजे ए स्वराच्या सुमारे १·२२ पट होता. हा गांधार कोमल व शुद्ध यांच्या मधला ठरतो. एलिसने अशा स्वरांची तुलना अरबी सप्तकाशी केली होती. एफ स्वरही १·६४ पट, म्हणजे कोमल व शुद्ध धैवतांमधला होता. आज हे दोन्ही स्वर ड्रोनशी संवादी अशा ५/४ व ५/३ या प्रमाणांत लावतात. एका चँटरवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तरीही पत्ती व छिद्रे आजच्या कानाप्रमाणे जुळविताना एक जुने स्वरवैशिष्ट्य मागे पडले, असे दिसते. पत्ती थोड्याच काळात निकामी होत असल्याने जुन्या वाद्यांबरोबर त्यांचा मूळ स्वरमेळ क्वचितच टिकतो. त्यामुळे एलिसच्या या मोजक्या आकड्यांना दस्तऐवजाचे मोल आले आहे.

सद्यःस्थिती : ड्रोनसाठी कृत्रिम द्रव्याच्या पत्त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाल्या, चँटरसाठी मात्र काडीच्या पत्तीलाच अजून पसंती आहे. भारतीय सेनेच्या पाइप पथकांत, तसेच गढवाल व कुमाऊँ येथील लग्नसमारंभांत मशकबीन या नावाने हे वाद्य वाजविले जाते. अन्य वाद्यांच्या साथीसाठी ४४० व ४६६ कंप्रतेचे चँटरही आता बनविले जातात. अशा चँटरला त्याच्या मापाची वेगळी पत्ती लागते. ती निवडून जुळविण्याचे काम आजही वादकाच्या कानावरच अवलंबून आहे.