फिग्मात दोघांनी एकाच वेळी फ्रेम हलवली तर?

फिग्मा या डिझाइन ॲपमधली फाइल आतून झाडासारखी असते: पेजमध्ये फ्रेम, फ्रेममध्ये चौकोन, मजकूर. समजा, तुम्ही 'अ' फ्रेम 'ब'मध्ये टाकली आणि त्याच क्षणी सहकाऱ्याने 'ब' उचलून 'अ'मध्ये टाकली. दोन्ही बदल मान्य केले तर फ्रेम एकमेकींच्या पोटात जातील आणि झाडापासून तुटतील!

इथे प्रत्येक वस्तू आपला पालक कोण, एवढंच स्वतःजवळ नोंदवते. त्यामुळे एकच वस्तू दोन फ्रेममध्ये राहत नाही, पण असं चक्र होऊ शकतं. म्हणून चक्र तयार करणारा बदल सर्व्हर सरळ नाकारतो. तोवर त्या फ्रेम स्क्रीनवरून क्षणभर गायब होऊ शकतात. डिलीट झाल्या समजून नव्या काढायला बसू नका. सर्व्हरचं उत्तर आलं की त्या परत दिसतात.