डुप्लेक्स विसंगती
इथरनेट जोडणीचे एक टोक फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे व घेणे) आणि दुसरे हाफ डुप्लेक्स (आळीपाळीने) पद्धतीने चालल्यास उद्भवणारा दोष. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर ‘१०० मेगाबिट, फुल’ असे हाताने ठरवले आणि स्विचचा पोर्ट ‘ऑटो’वर (वेग व डुप्लेक्स समोरच्या टोकाशी बोलून आपोआप ठरवणे) राहिला, की हा दोष हमखास होतो. समोरून बोलणी होत नसली तरी ऑटो पोर्ट सिग्नलवरून वेग ओळखतो. डुप्लेक्स मात्र त्याला कळत नाही, म्हणून तो हाफ धरतो. दोष मोठा फसवा: दिवा हिरवा, पिंगला उत्तर, पण मोठी फाइल पाठवताच गती कोसळते. केबलवर उगाच संशय जातो. खरा पुरावा पोर्टच्या नोंदींत सापडतो. हाफ बाजूस ‘लेट कोलिजन’, फुल बाजूस सीआरसी त्रुटी. दोन्ही टोके ऑटोवर ठेवावीत. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट जोडणीत (१९९९ चे मानक) ऑटो अनिवार्यच आहे.