तळटीप : येगार
* येगार : ‘पोहोचणे’ या अर्थाचे स्पॅनिश क्रियापद. पोर्तुगीजमध्ये शेगार, गालिशियनमध्ये चेगार. मूळ लॅटिन प्लिकारे, म्हणजे घडी घालणे. बंदर आले की शिडे गुंडाळतात, त्यावरून हा अर्थ आला असे सांगतात. मला मात्र गलबत किनाऱ्याला लावणे या अर्थाचे आप्लिकारे अधिक पटते. चौथ्या शतकातली यात्रेकरू एगेरिया प्लिकारे ‘जवळ येणे’ याच अर्थी वापरते. कातालान प्लेगारचा अर्थ मात्र दुमडणे किंवा दिवसाचे काम आटोपणे; रोमानियन प्लेका तर चक्क ‘निघणे’! शब्दारंभीच्या लॅटिन प्ल, क्ल यांचा पोर्तुगीजमध्ये आधी च झाला, पुढे श. क्लाविसपासून झालेली ‘चावी’ आपल्याकडे आली ती त्या जुन्या च-सकट. — संपादक